करवकील नेमकं करतात काय? परिचयपानामागचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्कम टॅक्सची नोटीस आली की घरात आधी घबराट होते आणि मग कुणीतरी मोबाइलवर वकिलांची नावं शोधायला बसतं. एकामागून एक पानं उघडतात आणि सगळीकडे साधारण तोच मजकूर असतो: इतकी वर्षं अनुभव, ट्रिब्युनल व उच्च न्यायालयात प्रकरणं, अमुक परिषदेत व्याख्यान, तमुक मासिकात लेख. वकील कसा आहे हे त्यातून कळत नाही. मी पुण्यात वीसेक वर्षं करांचीच प्रकरणं चालवतो. खालचे प्रश्न मला ऑफिसात कमी आणि लग्नाच्या पंगतीत जास्त विचारले गेलेत.

वकिलांची वेबसाइट उघडली की आधी ‘मी सहमत आहे’ का दाबायला लावतात?

कारण वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ३६वा नियम यात कडक आहे. पत्रकं वाटायची नाहीत, दलाल नेमायचे नाहीत, आपण चालवत असलेल्या खटल्याच्या निमित्ताने पेपरात फोटो छापून आणायचे नाहीत. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर ‘अमुक विषयाचे तज्ज्ञ’ असं लिहायचं नाही. २००८ मध्ये नियम बदलून वेबसाइटला परवानगी मिळाली, तीही ठरावीक तपशिलांपुरतीच: नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक आणि तारीख, शिक्षण, कामाचं क्षेत्र. म्हणजे पाटीवर जे लिहायचं नाही, ते ‘कामाचं क्षेत्र’ म्हणून वेबसाइटवर चालतं. यातली संगती मला विचारू नका. ‘मी सहमत आहे’ या बटणाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आपणहून आलात, आम्ही बोलावलं नव्हतं.

नियम जुनाट वाटतो, पण त्याला कारणंही तशीच आहेत. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाबाहेर अशिलांना हाताला धरून ओढणाऱ्या, एकमेकांची कामं पळवणाऱ्या वकिलांचं प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं.

आमचा सीए आहे की. मग वकील कशाला?

बहुतेकांना नकोच. विवरणपत्र, ऑडिट, साधी चौकशी यासाठी सीएच योग्य. सीए अपिलातही उभा राहू शकतो, अगदी प्राप्तिकर अपिलीय ट्रिब्युनलपर्यंत. उच्च न्यायालयात मात्र सनद असलेल्या वकिलालाच युक्तिवाद करता येतो. वकिलाची गरज खरं तर त्याआधीच लागते: भांडण आकड्यांवरून शब्दांवर, किंवा पुराव्यावर आलं की.

उदाहरण रोजच्यातलं सांगतो. शहराच्या कडेची शेतजमीन विकली. गावाकडची शेतजमीन कराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणून नफ्यावर कर नाही. पण ती नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत असेल तर कर लागतो. लोकसंख्येप्रमाणे हे अंतर २, ६ किंवा ८ किलोमीटर. आता प्रश्न असा, की ८ किलोमीटर रस्त्याने मोजायचे की सरळ रेषेत? २०१३ मध्ये कायद्यात ‘हवाई अंतर’ असं स्पष्ट घातलं गेलं. त्याआधीच्या वर्षांसाठी अंतर रस्त्यानेच मोजायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये सांगितलं. एका शेतकऱ्याच्या बाबतीत हा फरक लाखो रुपयांचा असू शकतो. आकडेमोडीत कुणाचीच चूक नव्हती, वाद फक्त मोजपट्टीचा होता.

करवकिलाचा दिवस कसा जातो? सिनेमातल्यासारखं ‘मिलॉर्ड’ वगैरे?

नाही हो. दिवस जातो कागद लावण्यात. वरच्याच जमिनीचं प्रकरण घ्या. सातबाऱ्यावर पीकपाहणी आहे का, सलग किती वर्षांची? तलाठ्याचा दाखला, माल विकल्याच्या पट्ट्या, वीजबिलावर शेतीपंप दिसतो का? हे सगळं अनुक्रमणिका लावून, पान क्रमांक घालून बांधलं की त्याला आमच्याकडे पेपरबुक म्हणतात. कुठलं पान अधिकाऱ्यापुढे आधीच दिलं होतं आणि कुठलं नव्याने देतोय, हेही त्यात लिहावं लागतं. नवा पुरावा सहजासहजी घेतला जात नाही.

यात इतका जीव घालायचं कारण असं, की ट्रिब्युनल हे वस्तुस्थितीसाठी शेवटचं ठिकाण. पुढे उच्च न्यायालय फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकतं. पीक होतं की नव्हतं हे तिथे पुन्हा काढता येत नाही. म्हणून उच्च न्यायालयातल्या गाजलेल्या विजयाची खरी मेहनत पुष्कळदा तीन वर्षं आधी, कुणा ज्युनिअरने लावलेल्या पान क्रमांकांत असते. त्या ज्युनिअरचं नाव परिचयपानावर येत नाही.

२०२० पासून ‘फेसलेस’ पद्धत आल्यावर खालच्या पातळीवर समोरासमोर बोलणं जवळपास संपलं. अधिकारी कुठल्या शहरातला, हेही कळत नाही. पूर्वी अर्ध्या तासात तोंडी समजावता यायचं, ते आता तीन पानांत असं लिहावं लागतं, की न पाहिलेल्या माणसाला पहिल्या वाचनात पटावं. या बदलाने बोलक्या वकिलांपेक्षा लिहिणाऱ्या वकिलांना चांगले दिवस आले, असं माझं मत आहे.

नोटिशीपासून दिल्लीपर्यंत किती पायऱ्या?

असेसमेंटची, म्हणजे करआकारणीची ऑर्डर, मग आयुक्त (अपील), मग ट्रिब्युनल, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. १९६१च्या कायद्याखाली पहिल्या अपिलाला ३० दिवस आणि फी जास्तीत जास्त १,००० रुपये. ट्रिब्युनलची फी जास्तीत जास्त १०,०००. म्हणजे सरकारी फी कुणाला परवडत नाही असं नाही. त्रास होतो तो दोन गोष्टींचा: मुदत आणि मागणीची वसुली. अपील दाखल केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. सर्वसाधारणपणे मागणीच्या २० टक्के भरले की पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती द्यावी, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१७चं परिपत्रक आहे. काही प्रकरणांत त्याहून कमी रकमेवरही स्थगिती मिळवता येते. ती मिळवून दिली तर धंद्याचा रोख पैसा वाचतो. या कामाची बातमी कधी होत नाही.

सरकारलाही मर्यादा आहे. सप्टेंबर २०२४च्या परिपत्रकानुसार कराची रक्कम ६० लाखांहून जास्त असेल तरच खातं ट्रिब्युनलमध्ये अपील करतं. उच्च न्यायालयासाठी हा आकडा २ कोटी आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ५ कोटी. याला अपवाद आहेत, पण छोट्या करदात्याने पहिलं अपील जिंकलं की बहुधा प्रकरण तिथेच मिटतं.

ट्रिब्युनल म्हणजे कोर्टच का?

कोर्टासारखंच, पण वेगळं. प्राप्तिकर अपिलीय ट्रिब्युनल २५ जानेवारी १९४१ ला सुरू झालं. खंडपीठात एक सदस्य कायद्याचा, एक हिशेबाचा. ब्रीदवाक्य ‘निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय’. यातल्या तिसऱ्या शब्दाबद्दल आम्ही वकील कँटीनमध्ये बोलतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी इथे खंडपीठं आहेत.

‘रिपोर्टेड केसेस’ हा काय प्रकार?

सगळे निकाल सारखे नसतात. ज्यातून कायद्याचा नवा मुद्दा ठरतो ते निकाल कायद्याच्या नियतकालिकांत छापले जातात आणि पुढची पन्नास वर्षं त्यांचा दाखला दिला जातो. निकालाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं असतात. माझ्या मते परिचयपानावरची सगळ्यात पडताळण्याजोगी ओळ हीच. निकाल शोधा, नाव आहे का पाहा, आणि वकील युक्तिवाद करत होते की कुणासोबत उभे होते तेही पाहा. ‘अमुक ऐतिहासिक खटल्यात सहभाग’ यातला सहभाग झेरॉक्सपासून युक्तिवादापर्यंत काहीही असू शकतो. मीही एका मोठ्या प्रकरणात फायलींच्या दोन ट्रंका फोर्टात पोचवल्या होत्या. सहभागच तो.

भारतातला सगळ्यात गाजलेला करखटला कोणता?

व्होडाफोनचा. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनच्या डच कंपनीने हचिसनकडून केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर घेतला. त्या कंपनीखाली, साखळीने, भारतातला मोबाइलचा धंदा होता. व्यवहार परदेशात, विकणारा परदेशी, घेणाराही परदेशी. खात्याने म्हटलं, धंदा भारतातला आहे, कर इथे द्या. मागणी सुमारे ११ हजार कोटींची. सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात व्होडाफोन हरलं. २० जानेवारी २०१२ ला सरन्यायाधीश कापडिया यांच्या खंडपीठाने निकाल फिरवला आणि भरलेले २,५०० कोटी ४ टक्के व्याजाने परत करायला सांगितलं. व्होडाफोनच्या बाजूने हरीश साळवे होते. साळवे नागपूरचे, मूळचे सीए. सरकारची बाजू सॉलिसिटर जनरल रोहिंटन नरिमन यांनी मांडली होती. युक्तिवादाचा गाभा साधा होता: कायद्यात जे लिहिलेलं नाही ते कर बसवण्यासाठी त्यात वाचायचं नाही.

गंमत पुढे आहे. काही महिन्यांतच संसदेने कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि जिंकलेला खटला हातातून गेला. मग आंतरराष्ट्रीय लवाद. सप्टेंबर २०२० मध्ये हेगला व्होडाफोन जिंकलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. आता सांगा, वकिलांची ‘उपलब्धी’ कुठल्या तारखेला मोजायची?

हे मोठ्या कंपन्यांचं झालं. आपल्याकडचं काही?

साखर कारखान्यांचं प्रकरण आहे, आणि मला ते व्होडाफोनपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं.

सहकारी कारखाना शेतकऱ्याला आधी उसाची पहिली उचल देतो आणि हंगाम संपल्यावर हिशेब करून अंतिम दर ठरतो. केंद्राने ठरवलेला किमान दर, म्हणजे तेव्हाचा एसएमपी, त्यापेक्षा हा अंतिम दर बराच जास्त असायचा. शेतकऱ्याच्या लेखी तो उसाचा भाव, कारखान्याच्या पुस्तकात खरेदीचा खर्च. प्राप्तिकर खातं म्हणालं: किमान दराच्या वर दिलेत ते भाव नव्हेत, तो सभासदांना वाटलेला नफा आहे, म्हणून खर्च म्हणून वजा मिळणार नाही. कारखाने म्हणाले: आम्ही बिगरसभासदालाही तोच दर देतो, त्याला कसला नफा वाटणार? शिवाय अंतिम दर आम्ही मनाने ठरवत नाही, राज्य सरकारची मान्यता लागते.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं, कारण ऊस नियंत्रण आदेशातल्या सूत्रातच कारखान्याच्या उत्पन्नातला वाटा उसाच्या भावात मिसळण्याची सोय होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एकेका कारखान्यावर वर्षानुवर्षांच्या मागण्या साचल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१२ मध्ये फेरविचारासाठी खाली आलं, पुन्हा वर गेलं. मार्च २०१९ मध्ये तासगाव कारखान्याच्या प्रकरणात न्यायालयाने मध्यममार्ग काढला: सगळी जादा रक्कम नफा नव्हे, त्यात नफ्याचा जेवढा अंश आहे तेवढाच खर्च म्हणून नाकारा, आणि तो अंश असेसिंग ऑफिसरने शोधावा. म्हणजे पुन्हा खाली. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या हंगामांचे ताळेबंद घेऊन पुन्हा तारखा.

शेवटी हा गुंता कोर्टात सुटला नाही. २०१५च्या वित्त कायद्याने पुढच्या वर्षांसाठी, सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची खरेदी खर्च म्हणून मान्य केली. २०२३च्या अर्थसंकल्पात त्याआधीच्या वर्षांनाही ती सवलत मिळाली. सुमारे १० हजार कोटींचा दिलासा, असं अर्थमंत्री भाषणात म्हणाल्या. वकिलांचं काम वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. प्रत्येक वर्षाचं अपील जिवंत ठेवणं, वसुलीला स्थगिती आणणं, मुदत चुकू न देणं, हे कुणीतरी केलं म्हणून कायदा बदलेपर्यंत कारखाने तग धरून राहिले.

हाउसिंग सोसायटीलाही वकील लागतो का?

कधीकधी. फ्लॅट विकताना सोसायटी जे हस्तांतरण शुल्क घेते ते सोसायटीचं उत्पन्न आहे का, हा वाद असाच लांबला. सभासदांनी आपल्याच खिशातून आपल्याच सोयीसाठी जमवलेल्या पैशात नफा कसला, या ‘परस्परता’ तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सोसायट्यांच्या बाजूने निकाल दिला. बँकेतल्या ठेवीचं व्याज यात बसत नाही. ते वेगळं भांडण, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या भांडणापेक्षा सौम्य.

करवकिलांत पालखीवालांचं नाव अजून का घेतात?

जमशेदजी कांगा मुंबईचे मोठे वकील. त्यांच्या चेंबरमध्ये नानी पालखीवाला (१९२०–२००२) तयार झाले. दोघांनी मिळून लिहिलेला प्राप्तिकरावरचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला तेव्हा नानी तिशीत होते. नव्या आवृत्त्यांतला तोच ग्रंथ आजही कपाटात असतो. लहानपणी बोलताना अडखळणाऱ्या या माणसाची अर्थसंकल्पावरची भाषणं ऐकायला पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. आणि २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा: राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही. याचिकाकर्त्यांच्या बाजूने उभा राहिलेला मुख्य वकील, म्हणजे हेच पालखीवाला, करकायद्यातून आलेला होता. समोर केरळ सरकारतर्फे एच. एम. सिरवई, तेही कांगांच्याच चेंबरचे.

यात योगायोग थोडाच आहे. राज्याच्या ताकदीची सीमा कुठे, हा प्रश्न करवकील रोज हजार-दोन हजार रुपयांच्या पातळीवर भांडत असतो.

‘सीनियर अॅडव्होकेट’ म्हणजे वयाने मोठे?

वयाचा संबंध नाही. ही पदवी उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देतं. सीनियर वकीलपत्र दाखल करत नाहीत आणि अशिलाकडून थेट काम घेत नाहीत. मधे दुसरा वकील लागतो. ‘सीनियरसाहेबांना थेट भेटवतो’ असं कुणी सांगितलं तर जरा सावध राहा.

रँकिंग, पुरस्कार यांना किती किंमत द्यायची?

थोडी. परदेशी प्रकाशनांच्या याद्यांसाठी फर्म स्वतः अर्ज भरतात, अशिलांची नावं कळवतात. त्यात खोटं नसतं, पण अर्ज न भरणारा उत्तम वकील यादीत नसतो.

‘९५ टक्के यश’ असं कुणी सांगितलं तर?

उठून या. प्रकरण फेरतपासणीसाठी खाली पाठवलं तर ते यश की अपयश? दहापैकी सात मुद्दे जिंकले पण मोठा मुद्दा हरला तर? आणि जो वकील ‘हे अपील करू नका, कर भरून मोकळे व्हा’ असं सांगतो, त्याचा तो सल्ला कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

जिंकलं तरच फी, असं ठरवता येतं?

नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे. फी आधी लेखी ठरवा आणि ती टप्प्यागणिक आहे की संपूर्ण प्रकरणाची, हे विचारा. संकोच करू नका. भाजी घेताना करत नाही.

व्याख्यानं आणि लेख, हे काम की हौस?

दोन्ही. मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स १९२६ची. तिच्यासारख्या संस्थांत संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतात आणि अर्थसंकल्पाआधी सरकारला निवेदनं जातात. कायद्यातल्या कितीतरी चुका अशा निवेदनांतून दुरुस्त होतात. आता तर प्राप्तिकर कायदा २०२५ आला, ५३६ कलमांचा, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. ‘असेसमेंट इयर’ जाऊन ‘टॅक्स इयर’ आलं. जुन्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्याच कायद्याने चालणार, म्हणजे पुढची काही वर्षं आमच्या डोक्यात दोन-दोन कलम क्रमांक.

जीएसटीचं काय?

जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याचं अपिलीय ट्रिब्युनल सुरू झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. मधली आठ वर्षं लोक रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जात होते, नाहीतर नुसते थांबून होते. ती साचलेली प्रकरणं आता वाहू लागली आहेत.

गोव्यात कायदा वेगळा आहे म्हणे?

प्राप्तिकर तोच, पण तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून १९६१च्या कायद्यात खास कलम ५-अ घातलं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरायचं. गोवेकर जोडप्याची विवरणपत्रं भरताना पुण्या-मुंबईचे लोक इथे हमखास चुकतात.

पहिल्या भेटीला काय आणू?

नोटीस, आणि ती कधी मिळाली याचा पुरावा. पोर्टलवर तुमचा कुठला ईमेल नोंदवलाय ते आधी बघा. पाच वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीचा किंवा जुन्या सल्लागाराच्या कारकुनाचा पत्ता तिथे असणं अजिबात दुर्मीळ नाही. ऑर्डर त्या पत्त्यावर जाऊन पडते आणि अपिलाची मुदत कोणाच्याही नकळत संपते. मग विलंबमाफीचा अर्ज, शपथपत्र आणि प्रत्येक दिवसाचा खुलासा. एका अशिलाकडे असे २१२ दिवस निघाले होते. आम्ही ते एकेक करून लिहून काढले. त्यात गणपतीही दोनदा आले, कारण मोजणीत आमच्याच ऑफिसातून एक पान चुकून दोनदा लागलं होतं.